करवंद नव्हे ते!



गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. शब्बाथची दुपार होती. आम्ही दोघे नातवाला रेवदंड्याच्या करवंदांच्या गोष्टी सांगत अंगणात बसलो होतो. थोड्या वेळाने तो कुंपणाकडून धावत आला. "आजी, करवंदं सापडली!" ओठ जांभळे झालेले.

इथे म्युनिकच्या उत्तरेला, उंटरश्लाइसहाइममध्ये, करवंद कुठलं? ती आमच्याच कुंपणाची फळं होती. या झुडपाला इथे किर्शलोर्बेअर म्हणतात. बारमाही हिरवं राहतं म्हणून पुष्कळ घरांना त्याचंच कुंपण असतं. त्याच्या पानांत नि बियांत असं काही असतं की ती चावली तर सायनाइड सुटतं.

तोंडातलं थुंकायला लावलं, चूळ भरवली, पाणी पाजलं. उलटी मुद्दाम काढली नाही, काढायचीही नसते. लगेच म्युनिकच्या विषबाधा केंद्राला ०८९-१९२४० वर फोन केला. शब्बाथ होता, पण जिवाचा प्रश्न असला की शब्बाथ आडवा येत नाही, हे मुलांनीही ध्यानात ठेवावं. बी त्याने चावली नव्हती, म्हणून बचावलो. संध्याकाळी तो खेळायला लागला. जन्म वॉर्डात काढूनही आमचे हातपाय मात्र कापत होते.

बाळांनो, ओळख अशी. करवंदाच्या जाळीला काटे असतात, पान तोडलं की पांढरा चीक येतो. याला ना काटा, ना चीक. पान लांबट, जाड, चकचकीत. एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या फुलांचे उभे तुरे येतात. फळ आधी हिरवं, मग लाल, शेवटी काळं.

हे झुडूप मूळचं काळ्या समुद्राकडचं. पक्षी फळं खातात नि बिया रानात टाकतात. लोकही छाटलेल्या फांद्या रानात फेकतात, त्या तिथे मुळं धरतात. मग त्याच्या दाट सावलीत दुसरं रोप उगवत नाही. आपल्याकडे घाणेरीने हेच केलं. तीही शोभेसाठी परदेशातून आणलेली, आणि बुलबुलांनी पसरवलेली. स्वित्झर्लंडने तर १ सप्टेंबर २०२४ पासून किर्शलोर्बेअरच्या विक्रीवर बंदी घातली.

आमचे हे म्हणाले, "फळतं झाड तोडायचं? तोरात मना आहे." अनुवादाचा २०वा अध्याय उघडून पाहिला. जे झाड खाण्याचं नाही ते तोडायला तिथेच मुभा आहे. वाद मिटला.

पण इथे १ मार्च ते ३० सप्टेंबर पक्ष्यांच्या घरट्यांसाठी कुंपण तोडायला कायद्याने मनाई आहे. म्हणून तेव्हा फक्त फळांचे घोस काढून घरच्या कचऱ्यात टाकले. ऑक्टोबरात बुंधे मुळासकट खणून काढले. नुसतं कापलं तर पुन्हा फुटवे येतात. लहान रोपं पावसानंतर ओल्या मातीतून सहज उपटतात. खणणं झेपत नसेल, तर फुलं सुकताच तुरे छाटावेत, म्हणजे फळच धरत नाही. आम्ही त्या जागी इथलंच हाइनबुखे लावलं आहे.

चूक नातवाची नव्हती, आमची होती. करवंदाची गोडी सांगितली, काटे नि चीक सांगायचे राहिले. आजी-आजोबांनो, गावच्या गोष्टी जरूर सांगा, पण दारातलं झाडही हात धरून दाखवा. आमच्या घरात आता नियमच आहे: मोठ्यांना दाखवल्याशिवाय कुठलंही फळ तोंडात नाही.

सर्वांना शालोम.