चढणीचा मासा

एप्रिलच्या पहाटे अमेरिकेतल्या विलमेट नदीत कयाक ढकलली की थंडी आधी पायांना कळते. पाणी १० अंशांच्या आसपास. उलटलात तर हातपाय बघता बघता बधिर होतात, म्हणून लाइफ जॅकेटवाचून मी कधी बसत नाही. ऑरेगन सिटीला ४० फुटी धबधबा आहे, त्याच्या खालच्या अंगाला आम्ही गळ टाकतो. समुद्र इथून नदीच्या वाटेनं २०० किलोमीटर लांब, तरी भरतीची फूग थेट धबधब्याच्या पायथ्याला येते. मी खाडीकाठचा. हे कळलं तेव्हा ही परकी नदी एकदम ओळखीची वाटली.

मासाही ओळखीचाच. वसंतात येणारा चिनूक सॅमन म्हणजे आपल्याकडचा चढणीचा मासा. आपले मासे मिरगाच्या पहिल्या लोंढ्याला नदीतून व्हाळात, व्हाळातून शेतात चढतात. हा समुद्रातून येतो आणि अंडी टाकतो थेट सप्टेंबरात. तोवर काही खात नाही. अंगातल्या चरबीवर चार-पाच महिन्यांचा उपास काढतो. मग आमिषाला का लागतो? कुणी म्हणतं चिडून, कुणी म्हणतं सवयीनं. मला सवयच वाटते.

हंगामाच्या सुरुवातीला मासा तुरळक. सहा पहाटा रिकाम्या हातानं परतलो. सातव्या दिवशी हेरिंगचं आमिष तळाजवळून ओढत होतो, तोच काठी वाकली आणि कयाकचं तोंडच फिरलं. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या बरोबरीनं बसलेला असतो, मासा नेईल तिकडे जातो.

वीसेक मिनिटांनी तो कडेला आला. जाळं पाण्यातच धरून पाहिलं. चांदीसारखा, पाठीवर काळे ठिपके, कल्ले धपापत होते. आणि पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, करंगळीच्या पेराएवढा मऊ, मांसल पर. हॅचरीतल्या पिल्लांचा हा पर कापून मगच त्यांना नदीत सोडतात. याचा शाबूत होता, म्हणजे हा नदीतच जन्मलेला. वरच्या विलमेटमधल्या अशा चिनूकना १९९९ पासून कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना ठेवायचं नाही.

गळ सोडवला, तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून राहिलो. तळहाताखाली त्याचं अंग एकदा घट्ट झालं आणि तो गेला.

परतताना आमच्या व्हाळावरचा जून आठवत होता. पहिल्या पावसाच्या रात्री बॅटऱ्या आणि कोयते घेऊन आम्ही जायचो, पाटीभर मासे आणायचो. चिरले की बहुतेकांच्या पोटात गाभोळी. ती तळून खायची म्हणजे वर्षाची चैन. त्या एका रात्रीत व्हाळाची पुढची कितीतरी पिल्लं आम्ही खाऊन टाकत होतो, हे कुणाच्या मनातही येत नसे. आता तिथं पाणी चढतं, मासा नावापुरता चढतो. बंधारे आणि शेतातली औषधंही त्याला कारण आहेत, पण आमचे कोयतेही आहेत.

यंदा मिरगाला गावी असलात तर पहिल्या पाण्याला व्हाळात जाळं लावू नका. पंधरा दिवस त्यांना चढू द्या. धरायचेच तर उतरताना धरा.