नोंद आधी, उतारा मागून

चार महिने झाले, बेंगळुरूत काम शोधतो आहे. वय ४६, घराचे हप्ते चालू. ‘डेटाबेस येतो ना?’ असं विचारतात. त्यांना म्हणायचं असतं, वापरता येतो ना. मला त्याचं इंजिन घडवायचंय. आठ किलोबाइटचं पान मेमरीत किती वेळ ठेवायचं, हजार जणांनी एकाच ओळीला हात घातला तर कुणाला थांबवायचं, हे माझं काम.

वडील तलाठी होते. खरेदीखत झालं की नोंद आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारात. ती प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलायचा. पोस्टग्रेसची रीत हीच. बदल आधी लॉगमध्ये, तो डिस्कवर पोचला की ‘झालं’ म्हणायचं; मूळ पान नंतर सावकाश. मध्येच वीज गेली तरी लॉग वाचून पान पुन्हा उभं करता येतं. शिवाय लॉग सलग लिहिला जातो, पानं मात्र डिस्कभर विखुरलेली, म्हणून वेगही इथेच मिळतो.

परवा मुलाखतीत एका तरुणाने विचारलं, डिस्कची वाट न पाहताच ‘झालं’ म्हटलं तर? वेग वाढेल, म्हणालो, पण कुणाचे पैसे जमा झाल्याचं सांगून ते हरवणार असतील तर मी तसं लिहिणार नाही. त्यांचा फोन आलेला नाही. बायको म्हणते, तोवर वेबसाइटचं काम घे. सोमवारपर्यंत तिकडे होकार कळवायचाय.