परतीची तारीख

आमच्या ठाकूरद्वारच्या खोलीत महिनाभर एकच वाद. मुलगी एम.ए. झाली, हाती नोकरीचे पत्र, मनात पीएच.डी. आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनीला लागलो, तेव्हा 'पुढचे नंतर शिकू' म्हटले होते. ते 'नंतर' आलेच नाही. लेकीबद्दल तीच धास्ती.

बाबासाहेबही शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले. पण विद्यापीठाकडून चार वर्षांची सवलत घेऊनच! परळच्या चाळीत राहून सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेनांचे कर्ज घेतले. १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

मुलीने नोकरी धरली. पहिल्या पगारातून पीएच.डी.साठी वेगळे खाते उघडले. बंधू-भगिनींनो, नोकरी जरूर घ्या. परतीची तारीख मात्र घरात लिहून ठेवा. जयभीम!