पट वीसच्या खाली, म्हणून शाळा बंद?

पट वीसच्या खाली गेला की शाळा ‘परवडत नाही’, हे आता कानाला सवयीचं झालंय. २०२३ मध्ये सरकारनं अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचा विषय काढला. तेव्हापासून डोंगरातल्या आमच्या पाहुण्यांच्या वाडीवर गुरुजींची बदली झाली तरी बायामाणसं धसकतात. म्हणून आज एका छोट्या शाळेचा इतिहास सांगतो. शाळा जर्मन पाद्र्याची, आणि गोष्ट भोसल्यांची.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य उभं केलं, हे आपल्याला माहीत आहे. त्याच मुलखाच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी हे डेन्मार्कचं ठाणं. १७०६ मध्ये तिथं झिगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे दोन लुथरन पाद्री उतरले. लुथरन म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथाचे. बायबल प्रत्येकानं स्वतः वाचावं असं ल्यूथरचं म्हणणं. त्यामुळं चर्च आलं की शेजारी शाळा आलीच! धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता, ते लपवायचं कारण नाही. पण शाळेत तमिळ अक्षरं गिरवली जात होती, आणि मुलींसाठीही वर्ग काढले होते. सावित्रीबाईंच्या शाळेच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट.

याच परंपरेतला श्वार्ट्झ नावाचा पाद्री तंजावरला आला. १७८४ मध्ये त्यानं तिथं शाळा सुरू केली. ती आजही सेंट पीटर्स नावानं चालू आहे. १७८७ मध्ये तुळजाराजे वारले. दत्तक सरफोजी तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. गादीवर चुलते अमरसिंह बसले आणि पोराचे हाल सुरू झाले. श्वार्ट्झनं त्यांना सांभाळलं, शिकवलं, पुढं मद्रासला नेऊन गेरिके या पाद्र्याकडं शिक्षणाची सोय केली. १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी कंपनीनं राज्यकारभार काढून घेतला, तोही इतिहास विसरू नये.

आता खरी गंमत बघा. राजे ख्रिस्ती झाले नाहीत. शिवभक्त होते, शिवभक्तच राहिले. पण शाळा म्हणजे काय ते त्यांना कळलं होतं. १८०३ पासून त्यांनी ‘नवविद्या’ शिकवणाऱ्या मोफत शाळा काढल्या. छापखाना आणला, आणि १८०६ मध्ये त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ छापली, म्हणजे इसापाच्या गोष्टी मराठीत. पुण्या-मुंबईच्या मराठी छपाईनं जोर धरण्याआधी, लहान पोरांसाठी मराठी पुस्तक तंजावरात निघालं होतं! सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच भरभराटीला आणलं.

तंजावरच्या चर्चमध्ये मी तो संगमरवरी देखावा पाहिलाय. श्वार्ट्झ शेवटच्या आजारात पडलाय, आणि तरुण राजे त्याचा हात धरून उभे आहेत. धर्म वेगळा, भाषा वेगळी. नातं फक्त शिकवणाऱ्याचं आणि शिकणाऱ्याचं.

एवढ्या लांब कशाला जायचं म्हणा. आपल्या कराड तालुक्यातल्या काले गावात ४ ऑक्टोबर १९१९ ला कर्मवीर अण्णांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिचीही सुरुवात लहानच होती. त्या दिवशी कुणी पट मोजून ‘परवडत नाही’ म्हणालं असतं तर?

दोन-चार पोरांना एकत्र शिकण्यात अडचणी आहेत, खेळायला गडी मिळत नाही, हे खरं आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावात कोण धाडणार? पोरगा कसातरी जाईल, पोरगी घरी बसेल. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे. वाडीवरच्या लोकांनी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा, ग्रामसभेत ठराव घ्या, तो लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा बंद व्हायला एक कागद पुरतो. तिच्यातून पुढं काय उगवलं असतं, ते मात्र कुठल्याच पटावर दिसत नाही.

तुमच्या वाडीवरच्या शाळेचा पट किती आहे? कमेंटमध्ये लिहा.