प्रकाश आणि पाकिटावरचे शब्द

नौपाड्यातील आमच्या धान्याच्या दुकानात मूग आणि मटकीला बारमाही मागणी असते. मिसळीवर जीव टाकणाऱ्या ठाण्यात ते स्वाभाविकच. गतवर्षी चिरंजीवांनी प्रस्ताव मांडला: अतिनील दिव्यांची पेटी घ्यावी, धान्य तिच्यातून काढावे आणि पाकिटावर ‘जंतुमुक्त, मोडांसाठी खास’ असे छापावे. भावही थोडा चढा लावता येईल.

त्याचे म्हणणे निराधार नव्हते. मोड येण्यास लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. दाण्यावरचे थोडेसे जंतू एक-दोन दिवसांत असंख्य होतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जंतूंनी पन्नासहून अधिक माणसांचा बळी घेतला. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश जंतूंच्या डीएनएवर आघात करून त्यांची वाढ रोखतो, हेही खरे.

मात्र अधिक वाचले, तेव्हा दुसरी बाजू उमगली. हा प्रकाश पृष्ठभागापुरताच. एका दाण्याची सावली दुसऱ्यावर पडते. टरफलाच्या भेगेत दडलेल्या जंतूपर्यंत तो पोहोचत नाही. गॅमा किरण आरपार जातात. वाशीला मसाल्यांवर आणि लासलगावला कांद्यावर तशी प्रक्रिया होते. परंतु मात्रा फार वाढली की बियांची उगवणशक्तीच घटते.

आईला मोड अनंतकाय म्हणून वर्ज्य. तिने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, “अरे, मेले किती ते सांगतोस, वाचले किती, हे मोजलेस का?”

मी निरुत्तर झालो. मोजल्यावाचून ‘जंतुमुक्त’ लिहिणे म्हणजे वजनात खोट करण्यासारखेच. तागडीतील खोट गिऱ्हाइकाच्या दृष्टीस तरी पडते. शब्दातील खोट त्याच्या लेकराच्या ताटात जाते.

पेटी घेतली नाही. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे खाण्याच्या धान्यात चुकूनही मिसळू नये, म्हणून माल घेताना चौकशी अधिक काटेकोर केली. पाकिटावर आता एवढेच असते: ‘निवडून, धुऊन भिजवा. पाणी वेळोवेळी बदला. मोड नीट शिजवूनच खा.’

चिरंजीव प्रथम खट्टू झाले. “शिजवायलाच सांगायचे, तर आपले वेगळेपण ते काय?” असे त्यांनी विचारले. परवा एका गिऱ्हाईक भगिनीने कच्चे मोड बाळाला द्यावेत का, असे विचारले, तेव्हा माझ्याआधी उत्तर त्यांनीच दिले: “नको ताई, उसळ करा.”