भिंतीतल्या कड्या
मेक्सिकोतल्या युकातान राज्यात, मेरिदा शहरी, घरोघरी समोरासमोरच्या भिंतींत लोखंडी कड्या असतात. रात्री त्यांत विणलेली जाळीदार झोळी अडकवायची, सकाळी काढून गुंडाळायची. खोली पुन्हा बैठकीची! आपल्याकडे पाहुणा आला की घरातल्या कुणाचा तरी पलंग जातो. तिथे माझ्यापायी कुणालाच जागा सोडावी लागली नाही. झोळी ताठ बांधत नाहीत, मधे चांगला झोल ठेवतात. आत निजायचे तेही तिरके. यजमानांच्या आजींनी ते हातवारे करून दाखवले. तिरके पडले की पाठ सपाट राहते, आणि खालूनही वारा लागतो. त्या उकाड्यात गादी नकोच वाटते. पाळणा म्हणा, तोट्टिलू म्हणा, आपण तो बाळापुरताच ठेवला. घरी करून पाहणाऱ्यांनी मात्र नुसत्या गिलाव्यात खिळा ठोकू नये; कडी भक्कम भिंतीत किंवा तुळईतच हवी.