कर्नाकची सिंहमुखी

लक्सरला येणारा प्रवासी कर्नाकच्या स्तंभमंडपातील १३४ खांब पाहूनच इतका थकतो, की त्याच आवाराच्या उत्तर टोकाला, विटांच्या तटाजवळ असलेल्या प्ताहच्या लहानशा देवळाकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. देऊळ तिसऱ्या थुतमोस राजाच्या काळचे. एकामागून एक दारे ओलांडून आत गेले की तीन गाभारे लागतात. मधल्यात शिर हरवलेला प्ताह बसला आहे. उजवीकडच्यात सेख्मेत उभी आहे.

रखवालदार दार लोटून घेतो आणि काळोख होतो. छतातील झरोक्यातून तेवढा प्रकाश उतरतो. प्रथम माथ्यावरचे सूर्यबिंब दिसते, मग सिंहिणीचे नाक-तोंड आणि मग स्त्रीचा सडपातळ देह. पशूचे मस्तक मानवी खांद्यांवर बसवणे सोपे नव्हे. पण शिल्पकाराने आयाळ आणि केशसंभार यांच्या आड तो सांधा असा लपवला आहे, की विसंगती जाणवतच नाही.

तिच्या नावाचा अर्थच सामर्थ्यवती. सूर्यदेव रा याने उन्मत्त मानवांच्या संहारासाठी तिला धाडले. ती रक्ताला चटावली, तेव्हा तांबड्या रंगाची बिअर शेतांत ओतून तिला गुंगवावे लागले, अशी पुराणकथा. रोगराई पाठवणारी तीच आणि निवारणारीही तीच; तिचे पुजारी वैद्यकीही करीत. आपल्याकडच्या मरीआईची आठवण होते ती यामुळे.

इ. स. पूर्व चौदाव्या शतकात तिसऱ्या आमेनहोतेपने काळसर दगडात तिच्या शेकडो मूर्ती घडवल्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक बैठी आणि एक उभी, असे काही अभ्यासकांचे अनुमान आहे. एवढी आळवणी कशासाठी, साथीच्या भयाने की राजाच्या दुखण्यामुळे, यावर विद्वानांचे एकमत नाही. मला तरी भयाचेच कारण पटते.

पुढे या मूर्ती जगभर पांगल्या. एकट्या तुरीनच्या संग्रहालयात २१ आहेत, लंडनला त्याहून अधिक. नाईलच्या पश्चिम तीरावर, मेम्नॉनच्या प्रचंड पुतळ्यांमागे १९९८ पासून चाललेल्या उत्खननातही पुष्कळ मिळाल्या. संग्रहालयातील लख्ख दिव्यांखाली त्यांची कारागिरी उत्तम पारखता येते, पण धाक उरत नाही. तो अनुभवायचा असेल, तर स्तंभमंडपात दमण्यापूर्वीच इकडे यावे आणि रखवालदाराला दार लोटायला सांगावे.